हलू नका, मेजर

त्या दिवशी सकाळी आबा टीव्हीला शिव्या देत होते, म्हणजे घरात सगळं नेहमीसारखं होतं.

सीमेवर पुन्हा तोफा धडधडायला लागल्यापासून त्यांचा हा रोजचा परिपाठ झाला होता. उठायचं, तोंड धुवायचं, टीव्ही लावायचा आणि दह्यात भाकरी कुस्करता कुस्करता निवेदकाचा उद्धार करायचा. पडद्यावर सूट घातलेला एक तरुण वाळूच्या पोत्यांच्या चित्रापुढे उभा राहून ओरडत होता. त्याच्या मागं सायरन वाजत होता. तो सायरनही स्टुडिओतलाच.

"आता थांबायचं नाही! आता आत घुसायचं!" तो तरुण म्हणाला.

"घुस की," आबा म्हणाले. "कोन आडवलंय तुला? पायात बूट तरी हायत का, दाव जरा. कमरंच्या खालचं कदी दावत न्हाईत बग ही लोकं."

त्यांची मुलगी उत्कर्षा ओट्यापाशी डबा भरत होती. ती शिकवायची त्या कॉलेजला सुट्टी लागली होती, पण प्रवेशाच्या कामाला रोज जावं लागत होतं. "आबा, आवाज कमी करा. शेजारचं बाळ झोपलंय."

"मी वरडतूय व्हय? त्यो वरडतूय."

"तुम्ही दोघंही ओरडताय."

"त्याला वरडायचा पगार हाय. मी फुकट वरडतूय."

आई, म्हणजे कस्तुराबाई, देवापुढं वात लावत होती. ती तिथूनच म्हणाली, "मेजर, आवरा आता. कुणीतरी आलंय दारात."

घरात चारचौघं आली की आई नवऱ्याला मेजर म्हणायची. एरवी नुसतं "अवो".

आबा, म्हणजे सिद्धनाथ कोळेकर, मेजर नव्हते. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरात जन्मले, मेंढरांमागं चालून चालून जीव विटला तेव्हा फौजेच्या भरतीला गेले. भरतीच्या साहेबानं विचारलं, घरी काय करतोस? मेंढरं राखतो म्हटल्यावर साहेब खूश झाला. याला जनावरं कळतात, असं म्हणून त्यानं त्यांना खेचरांच्या कंपनीत टाकलं. मेंढरांपासून सुटका करून घ्यायला निघालेला माणूस पुढची सगळी नोकरी खेचरांच्या मागं चालला. कारगिलच्या उन्हाळ्यात त्यांनी तोफगोळे लादलेली खेचरं डोंगरावर नेली आणि तीच खेचरं खाली आणताना त्यांच्यावर माणसं लादून आणली. हवालदार होऊन निवृत्त झाले.

पण त्यांच्या भागात फौजेतून आलेला कुणीही मेजरच. स्वयंपाकी असो की न्हावी, खाकी ट्रंक घेऊन एसटीतून उतरला की मेजर. कारगिलनंतर गावानं त्यांचा सत्कार केला तेव्हा ते उभे राहून म्हणाले होते, "मी मेजर न्हाई. मी हवालदार हाय, त्योबी खेचरांचा." त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. केवढा मोठा माणूस आणि बोलणं बघा किती साधं! मग ते म्हणाले, लढाईत मी एक गोळी झाडली नाही. पुन्हा टाळ्या. ते जितकं नाही म्हणत, तितका लोकांचा आदर वाढत जाई. पुढं सोलापुरात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायला लागले, तिथंही पासबुकवाली माणसं "काय मेजर" म्हणून आत जात. शेवटी त्यांनी नाद सोडला. आई मात्र सुखावली होती. महिला मंडळात ती मेजरीणबाई होती आणि मेजरीणबाईंना खुर्ची मिळायची.

दारात रेवणसिद्ध उभा होता. बापूसाहेबांचा माणूस. बापूसाहेब हे त्या भागातले पुढारी. गल्लीतल्या गणपतीपासून रक्तदानापर्यंत सगळं त्यांच्या मंडळाचं, आणि मंडळाचं सगळं रेवणसिद्धच्या खांद्यावर. सरकारनं युद्धाची मॉक ड्रिल केली, तिच्या फोटोत बापूसाहेब कुठंच दिसले नाहीत. म्हणून आता त्यांनी स्वतःची ठेवली होती. उद्याच, शाळेमागच्या मैदानावर.

"मेजर, कमांड तुमच्याकडं," रेवणसिद्ध सोफ्यावर बसत म्हणाला. "बापूसाहेब शिट्टी मारणार, तुम्ही नुसतं बोट दाखवायचं."

"कुनाकडं?"

"शत्रूकडं, मालक!"

"आपल्या जुळे सोलापुरात शत्रू कुटनं येनार? विजापूर रोडला त्यो ट्राफिकमदीच आडकंल की."

रेवणसिद्ध मनापासून हसला. "मेजर म्हणजे मेजर. बॉम्ब पडणार, धूर होणार, जखमी पडणार, आपली पोरं स्ट्रेचर घेऊन पळणार. एकदम ओरिजिनल."

"जखमी हायत. मेलेलं कोन हाय?"

"मेलेलं नाही ठेवलं. बापूसाहेब म्हणाले, अपशकुन दिसतो."

"मंग कसलं युद्द?" आबांनी ताटली बाजूला सारली. "मला मेलेला करा."

"अवो!" आई देवापुढून उठली. मेजर म्हणायचं विसरलीच ती. "सकाळच्या पारी काय बोलताव त्ये!"

"मला येतंय त्ये काम करू दे की, कस्तुरा. मी लई मेलेली खाली आनल्यात. कशी पडल्याली असत्यात, मला ठावं हाय."

रेवणसिद्धचे डोळे चमकले. "भारी की, मालक! मेलेला नाही म्हणायचं पण. हुतात्मा! हुतात्मा मेजर पडलेत, बापूसाहेब येतात, स्वतः उचलतात, खांदा देतात. त्यांच्या आधी कुणी हातच लावायचा नाही. काय फोटो होईल बे..." तो स्वतःशीच बोलायला लागला होता.

"हुतात्मा नगं," आबा म्हणाले. "सोलापुरात हुतात्मा म्हंजी रेल्वे, सकाळी पुन्याला जाती आन् सांजच्याला माघारी येती. मी बगितली ती कुनी माघारी आली न्हाईत. मेलेलाच म्हना."

रेवणसिद्ध पुन्हा हसला, आबांच्या पाया पडला आणि गेला. तो जिना उतरताना फोनवर कुणाला तरी सांगत होता, मेजर किती जॉली आहेत ते.

"कशाला हे, आबा?" उत्कर्षानं विचारलं. "शिव्या देता ना त्यांना?"

"म्हनूनच की." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "ह्यातल्या एकानंबी मेलेला मानूस उचलला न्हाई. हात निसटतू, मान लोंबती. चार गडी लागत्यात, तरीबी दम निगतू. एकदा उचलू दे मला. वजन कळू दे. मंग वरड म्हनावं, घुसा घुसा."

"ऊन बघा बाहेर. तुमची बीपीची गोळी."

"आगं, पाच मिन्टाचं काम." मग जरा थांबून म्हणाले, "खेचरसुदिक मेलेला मानूस पाठीवर घ्याला बगत न्हाय, ठावं हाय का? पाय रवून हुबं ऱ्हातंय. डोळ्यावर फडकं बांदावं लागायचं. त्याला कळतंय."

उत्कर्षानं डबा पर्समध्ये टाकला. तिला उशीर होत होता. ती जिन्यात पोचली तेव्हा टीव्हीचा आवाज पुन्हा वाढला होता आणि त्याच्यावर आबांचा.

दुसऱ्या दिवशीचं जे झालं ते उत्कर्षानं व्हिडिओत पाहिलं. सगळ्या सोलापुरानंच पाहिलं. रेवणसिद्धनं फोन काठीला लावून सुरुवातीपासून चित्रण केलं होतं आणि संध्याकाळच्या आत ते घरोघरी पोचलं होतं. खाली लिहिलं होतं, आपल्या मेजरांचा अभिनय पाहा.

मे महिन्याची दुपार. मैदानावर गवताची काडी नाही, नुसती पांढरी तापलेली जमीन. एका कडेला मांडव, त्याखाली खुर्च्या, पुढच्या ओळीत मेजरीणबाई नवं लुगडं नेसून बसलेल्या. सुतळी बॉम्ब फुटतो. लाल रंग लावलेली मंडळाची पोरं किंचाळत पडतात. मधोमध आबा पडतात. आणि खरंच, त्यांच्यासारखं कुणालाच पडता आलेलं नाही. पोरं हातपाय पसरून, तोंड कॅमेऱ्याकडं करून पडली आहेत. आबा एका कुशीवर, एक हात अंगाखाली दुमडून, तोंड मातीत. मांडवातून टाळ्या येतात.

मग काहीच होत नाही. बापूसाहेबांची गाडी होटगी रोडवरच्या दुसऱ्या कार्यक्रमात अडकलेली असते. स्ट्रेचरवाली पोरं स्ट्रेचर डोक्यावर धरून सावली करतात, स्वतःपुरती. कुणीतरी विचारतं, उचलायचं का? रेवणसिद्धचा आवाज येतो, "थांबा बे, साहेब निघालेत." थोड्या वेळानं एक जखमी उठतो आणि चटके बसले म्हणून हात झटकत मांडवात जातो. त्याच्यामागं दुसरा. पाण्याचे पाऊच वाटले जातात. जखमींनी पाणी पिऊन गप्पा सुरू केल्या आहेत. मैदानावर आता एकटे आबा.

"मेजरांचं बघा बे," रेवणसिद्ध कौतुकानं म्हणतो आणि चित्र जवळ आणतो. "ह्याला म्हणतात शिस्त."

आणि तेव्हा आबांचा हात हलतो. अंगाखाली दुमडलेला नव्हे, मोकळा असलेला. बोटं मातीत जरा रुततात, हात वर येतो, अर्ध्यातच थांबतो.

"अहो मेजर, हलू नका!" मांडवातून कुणीतरी ओरडतं. "मेलाय तुम्ही!"

हशा पिकतो. हात खाली पडतो. मांडवातली माणसं टाळ्या वाजवतात.

बऱ्याच वेळानं गाडी येते. जखमी पळत जाऊन आपापल्या जागी पडतात. बापूसाहेब शिट्टी मारतात, धावत येतात, वाकतात, आबांच्या काखेत हात घालतात. मान लोंबते. बापूसाहेब कॅमेऱ्याकडं बघून हसू आवरतात, मग त्यांचा चेहरा बदलतो, आणि तिथं चित्रण संपतं.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस दारातच विचारायचा, कसं झालं हो? आणि उत्कर्षा म्हणायची, "ऊन लागलं." दूधवाल्याला, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना, सांगोल्याहून टेम्पो करून आलेल्या भावकीला. ऊन लागलं. आवाज न चढवता. तिला आवाज चढवायची सवयच नव्हती. ती इतिहास शिकवायची आणि लढायासुद्धा हळू आवाजात शिकवायची.

बाकीच्यांचा आवाज मात्र चढलेला होता. दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. हुतात्मा मेजर सिद्धनाथ कोळेकर यांना भावपूर्ण श्रद्धांजली. वर गॉगल घातलेले बापूसाहेब, खाली आबा. आबांचा गणवेशातला एकच चांगला फोटो घरात होता. बर्फात उभे, शेजारी खेचर, खेचराचा लगाम हातात. रेवणसिद्धनं तो मागून नेला होता. फलकावर खेचर कापलेलं होतं. लगाम धरलेला हात नुसताच हवेत राहू नये म्हणून त्यात झेंडा दिला होता. आणि छातीवर इतकी पदकं लावली होती की तेवढी जिंकायला एकट्या माणसाला पाचसहा देशांशी लढावं लागलं असतं.

सायंकाळी रेवणसिद्ध घरी आला. चौकाला नाव द्यायचं ठरलंय म्हणाला. तेराव्याला तिथंच सभा. फीत आईंनी कापायची. "आणि ताई, तुम्ही दोन शब्द बोला. तुमची भाषा चांगली आहे."

"रेवणसिद्ध," उत्कर्षा म्हणाली, "ते हुतात्मा नाहीत."

"नाही कसं? ड्यूटीवर गेले की, ताई! सैनिक शेवटपर्यंत सैनिक." त्याचे डोळे खरंच पाणावले होते. हेच तिला सहन झालं नाही. तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर ती आईला म्हणाली, "मी जाणार नाही सभेला. तूही जायचं नाहीस."

आई भिंतीला टेकून बसली होती. "का?"

"का म्हणजे? तू होतीस ना तिथं?"

"व्हते की."

"मग? कुणी मारलं त्यांना, तुला ठाऊक नाही?"

"हळू बोल." आईनं पदर ओढून घेतला. "चौकाला नाव लागतंय त्यांचं. तुजं काय जातंय त्यात? इतकी वर्सं बँकंच्या दारात हुबं व्हतं, कुनी नाव तरी इचारलं का? मेजर म्हनायची, निदान मानानं म्हनायची. आता तेवडंबी काडून घेतीस?"

"ते मेजर नव्हते, आई. त्यांना ते आवडत नव्हतं."

"त्यास्नी काय आवडत व्हतं? टीव्ही आवडत नव्हता, फौज आवडत नव्हती, मानसं आवडत नव्हती. सगळ्यांचा राग. घरात बसून राग राग." आईचा आवाज आता चढला होता. "राग करून काय मिळालं? जाऊन पडलं उनात. कुनी सांगितलं व्हतं?"

"आणि त्यांना उचललं का नाही कुणी?"

आईनं तिच्याकडं पाहिलं.

"म्या म्होरच्या खुर्चीत व्हते," ती म्हणाली. "हात हाललेला बगितला मी. मला वाटलं, किती झ्याक करत्यात. समदी वाजवाय लागली, म्याबी टाळ्या वाजवल्या." तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "त्ये हुतात्मा झालं आसतील तर ठीक हाय, उत्कर्षा. नसतील, तर म्या कशाला टाळ्या वाजवत बसले व्हते, सांग."

त्यानंतर उत्कर्षा सभेबद्दल काही बोलली नाही. कुणी विचारलं की म्हणत राहिली, ऊन लागलं.

तेराव्याला सकाळी चौकात मांडव पडला. रस्ता अडवला होता, रिक्षावाले शिव्या देत दुसरीकडून जात होते. व्यासपीठावर बापूसाहेब, त्यांच्या उजवीकडं आई, आईच्या पलीकडं उत्कर्षा. आईला कुणीतरी भरजरी शाल पांघरली होती आणि त्या उकाड्यात ती तिच्या अंगावर तशीच होती. काढायची कशी, हे तिला कळत नव्हतं.

बापूसाहेब बोलले. युद्ध फक्त सीमेवर नसतं, असं ते म्हणाले. ते आपल्या गल्लीत असतं, आपल्या मनात असतं. मेजरांनी ते आपल्या मैदानावर लढून दाखवलं. पुढच्या वर्षापासून दरवर्षी याच दिवशी मॉक ड्रिल होईल आणि हुतात्मा मेजरांची भूमिका करायचा मान मंडळाच्या एका कार्यकर्त्याला मिळेल. टाळ्या. मागच्या ओळीत दोन कार्यकर्ते एकमेकांकडं बघू लागले. मान कुणाला मिळणार याचा विचार त्यांच्या चेहऱ्यांवर आत्ताच दिसत होता.

"आणि आता," रेवणसिद्ध माईकवर म्हणाला, "मेजरांचे अखेरचे क्षण."

मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ सुरू झाला. तोच, पण नीट केलेला. सुतळी बॉम्बच्या जागी खऱ्या तोफांचा आवाज होता. जखमी उठून जातात तो भाग नव्हता, पाण्याचे पाऊच नव्हते. थांबा बे नव्हतं. मग शंख वाजला, चित्र संथ झालं, आणि आबांचा हात मातीतून हळूहळू वर येऊ लागला. वर, आणखी वर. अर्ध्यात थांबला तिथं चित्र गोठवलं होतं.

"अखेरच्या श्वासालासुद्धा," रेवणसिद्धचा आवाज भरून आला, "मेजरांनी सॅल्यूट ठोकला!"

सगळा मांडव उभा राहिला. टाळ्या सुरू झाल्या, घोषणा सुरू झाल्या. मेजर सिद्धनाथ, अमर रहे. उत्कर्षानं शेजारी पाहिलं. आईही उठली होती. तिचे हात वर आले, टाळीसाठी जवळ आले, आणि तिथंच थांबले. एकमेकांना न चिकटता, मध्ये बोटभर अंतर ठेवून. ती ते ना वाजवू शकत होती ना खाली घेऊ शकत होती. उत्कर्षानं ते दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि तिला खाली बसवलं.

"मेजरांच्या कन्या, प्राध्यापिका उत्कर्षाताई दोन शब्द..."

ती माईकपाशी गेली. घोषणा थांबेपर्यंत उभी राहिली.

"माझे वडील मेजर नव्हते," ती म्हणाली. "ते हवालदार होते."

टाळ्या झाल्या. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. "बापाचा साधेपना हाय बग पोरीत," तो शेजाऱ्याला म्हणाला आणि ते माईकपाशीही ऐकू गेलं.

"ते खेचरं हाकत होते. त्यांनी कुणावर गोळी झाडली नाही."

आणखी टाळ्या. कुणीतरी शिट्टी मारली.

"त्यांना लढाई आवडत नव्हती. टीव्हीवर घुसा घुसा म्हणणाऱ्या माणसांचा त्यांना संताप यायचा. तुमच्या ह्या कार्यक्रमाचाही आला होता."

मांडवभर प्रेमळ हशा पसरला. "मेजरांचा स्वभावच तसला," बापूसाहेब बसल्या जागेवरून हसत म्हणाले. "बोला, ताई, बोला. फार छान बोलताय."

उत्कर्षा थांबली. म्हणजे आबांना हे असं वाटत होतं तर. पंचवीस वर्षं कापसाच्या गाठीला बुक्क्या मारत राहायचं. आबांविषयी जे जे खरं होतं ते सगळं हे लोक टाळ्या वाजवून गिळून टाकणार होते. त्यातलं एकही हाड यांच्या घशात अडकणार नव्हतं. ती आईकडं वळून पाहू शकली असती. तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती आभार मानून खाली बसली असती.

ती बापूसाहेबांकडं वळली.

"बापूसाहेब, तुम्ही उशिरा आलात."

"हो, ताई, ते होटगी रोडला जरा..." ते अजून हसतच होते.

"तुम्ही येईपर्यंत माझ्या वडलांना कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तुमच्या फोटोसाठी. तुमची पोरं उठून सावलीत गेली, पाणी प्यायली. तो भाग तुम्ही आज कापलात. त्यांनी हात वर केला, तो सॅल्यूट नव्हता. ते मदत मागत होते. तेव्हा इथल्याच कुणीतरी ओरडून त्यांना सांगितलं, हलू नका, तुम्ही मेलाय. आणि तुम्ही सगळे हसलात."

माईक बंद पडला. पडला नव्हता, रेवणसिद्ध मांडवाच्या कडेला बटणापाशी उभा होता. तिच्याकडं बघत नव्हता.

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही. बापूसाहेब उठून उभे राहिले होते आणि हातानं कुणाला तरी खुणावत होते, ताईंना खाली घ्या, ताईंना त्रास होतोय. दोन कार्यकर्ते पायऱ्या चढू लागले. "बापाच्या सभेत असलं बोलतेस? लाज नाही वाटत?" मागून कुणीतरी ओरडलं. "पैसे पाहिजे असतील!" दुसरा म्हणाला. "खाली बस!"

वर्ग मोठा असला की शेवटच्या बाकापर्यंत माईकशिवाय कसं पोचायचं, हे तिला येत होतं. तिनं फक्त ते आजवर कुठं वापरलं नव्हतं. तिनं माईक बाजूला सारला आणि पोटातून आवाज काढला. तो चौकाच्या पलीकडं अडकलेल्या रिक्षांपर्यंत गेला.

"मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होते की त्यांना ऊन लागलं. त्यांना ऊन लागलं नाही. तुम्ही त्यांना उन्हात ठेवलंत. तुम्ही माझा बाप मारलात."